ज्यांना गाडी लागते त्यांनी भेटावे

वार्ताहर आणतो त्यातली बातमी छापतात आणि गंमत कापतात. कापलेलं वाया जात नाही, आमच्यासारख्यांच्या पोटात साठून राहतं. नागपुरात सत्तरच्या दशकात वार्ताहरकी केली, तेव्हाचा सर्वांत मोठा साठा एकाच माणसाचा आहे: डॉ. मेश्राम.

हे एका सरकारी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. माणसाला तोल कसा कळतो, बसमध्ये उलटी का होते, यावर त्यांचं संशोधन. त्यासाठी मोटरवर गरगर फिरणारी एक खुर्ची त्यांनी स्वतः बनवून घेतली होती. तळमजल्याच्या खोलीत ती काँक्रीटमध्ये पक्की रोवलेली. खोली गेली की खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली की काम संपलं! नेमकी तीच खोली डीनसाहेबांना हवी होती. कशाला? पाहुण्यांना चहा पाजायला!

*

डॉक्टरांना प्रयोगासाठी माणसं हवी होती. त्यांनी काटोलच्या बसथांब्यावर पाटी लावली: ‘ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना भेटावे.’

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर ही गर्दी! पहिलाच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, पोरीचं लगन हाय. मले अ‍ॅम्बेसेडर लागते. पांढरी!”

त्याच्यामागे संत्र्याचे व्यापारी. “आमाले ट्रक लागते. माल झाडावर पिकून राहिला!”

डीनसाहेबांनी चौकशी केली नाही, थेट मेमो काढला: कॉलेजात भाड्याच्या गाड्यांचा धंदा काहून मांडला, याचा खुलासा करा. (शब्द सरकारी होते. ‘काहून’ माझा.)

डॉक्टर मेमो वाचून मला म्हणाले, “मला आजवर कुठलीच गाडी लागली नाही. हा मेमो मात्र लागला!”

*

खरे गाडी लागणारेही आले. काटोलच्या एका आजीबाईंनी सांगितलं, “मी बुडाखाली पेपर घेऊन बसतो, मंग काही होत नाही.”

डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, “कोणता पेपर, आजी?”

आजींनी पिशवीतून काढून दाखवला. आमचाच! मी खूश होऊन म्हणालो, “मग वाचत का नाही?”

“वाचून पाह्यला ना बाप्पा. वाचला का उलटी होते!”

*

एकदा मीच खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधली आणि अटेंडंट यशोदाबाईंना हाक मारली, “बाई, पेपरवाल्यासाठी मोठी बादली आण वं!”

खुर्ची फिरली. थोड्या वेळानं वाटलं, थांबली. मी म्हणालो, “बंद पडली.” डॉक्टर म्हणाले, “फिरते आहे.” मग त्यांनी ती खरंच थांबवली, तर मी उलट्या दिशेनं भिंगरीसारखा!

“कानात पाणी असतं,” ते म्हणाले. “एकाच वेगानं फिरत राहिलं की ते खुर्चीबरोबर फिरू लागतं. मग माणसाला वाटतं, आपण स्थिर आहोत. खुर्ची थांबली तरी पाणी वाहतच राहतं. मग वाटतं, आपण उलटे फिरतोय.”

“म्हणजे माणसाला खुर्चीत बसल्यावर खरं काय ते कळतच नाही?”

“डीनसाहेबांना विचार!”

मी ते जसंच्या तसं लिहिलं. अर्थात कापलं गेलं. या खोलीवर मी पोटतिडकीनं पाच बातम्या दिल्या, एक छापून आली. तीसुद्धा बाजारभावाखाली!

*

शेवटी खोलीचा निकाल द्यायला मंत्री आले. तीन पक्ष फिरून आलेले. डीनसाहेबांनी नवा सोफा दाराबाहेर आणून ठेवला होता, प्लास्टिकसकट! सगळे पेपरवाले हजर. मंत्री दारातूनच म्हणाले, “डॉक्टर, खोली खाली करून द्या.”

“देतो, साहेब. एकदा बसून तर पाहा.”

समोर खुर्ची दिसल्यावर मंत्री नाही कसं म्हणणार? बसले. पट्टी बांधली. मोटर सुरू झाली. जरा वेळानं मंत्री वैतागले, “सुरू कर ना गा!”

“सुरू आहे, साहेब. तुम्ही फिरताय.”

“मी? अरे, मी कधी फिरलोच नाही! मी आहे तिथंच आहे!”

आमच्यातला कोणीतरी खोकला. डीनसाहेब छताकडे बघू लागले.

डॉक्टरांनी मोटर बंद केली. खुर्ची थांबली. मंत्र्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली.

“अबे, उलटी काहून फिरवून राहिला? थांबव!”

“थांबली आहे, साहेब.”

“खोटं बोलून राहिला! पडतो ना मी! थांबव! खोली तुले दिली, पण थांबव!”

डॉक्टर आमच्याकडे वळले. “लिहून घेतलं ना?”