पुस्तकवाल्या काकांचं 'तू'

मुळशीत पुस्तक घरपोच येतं याचं मला अजून नवल वाटतं. कंपनीने घरूनच काम करा म्हणून सांगितलं, मी एकटी, पुण्यात भाडं कशाला भरायचं, म्हणून धरणाजवळ भातखाचरांना लागून दोन खोल्या घेतल्या. इथे ताजा पाव मिळायची मारामार! पण मोबाइलवर बोट टेकवलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरमालकीणबाई खालून हाक मारतात, "ताई, पुस्तक आलंय, हितं ठिवलंय. लई वाचताय, डोळं जातील की!" त्यांच्या लेकीची पोलीसभरतीची पुस्तकंही मीच मागवून देते. नाहीतर त्या पोरीचा अख्खा दिवस पुण्याला जाण्यायेण्यात मोडला असता. तेव्हा त्या ऑनलाइन दुकानाला मी उगाच शिव्या घालणार नाही.

फक्त त्याला मी कळत नाही. एकदा कंबरदुखीवरचं पुस्तक मागवलं, तर बाईला कंबरेपलीकडे काही वाचायचंच नाही असं त्याने ठरवून टाकलं. रोज नवी कंबर! हसू येतं, पण हसून सांगायचं कुणाला? दिवसचे दिवस मी ऑफिसच्या मीटिंगशिवाय तोंड उघडत नाही.

पुण्यात असताना मला कळणारे एक काका होते. जिन्याखालचं चिंचोळं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पहिली तीन वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणायचे. मग एका शनिवारी मी एक जाडजूड कादंबरी उचलली आणि ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठेव ती खाली. तुला नाही आवडायची." मी ठेवली. आई गेल्यापासून मला असं दटावून 'तू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ऑफिसात सगळेच एकमेकांना तू म्हणतात, पण ते इंग्रजीतलं तू, त्याचं काय घ्यायचं! त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागले. कधी कधी पुस्तक नको असायचं, तरीही.

आणि मी काय केलं? कशाला खोटं बोलू, सगळे करतात तेच केलं. पुस्तक त्यांच्या दुकानात चाळायचं, त्यांच्याकडून त्यावर अर्धा तास ऐकायचं, बाहेर येऊन मुखपृष्ठाचा फोटो बघत ऑनलाइन मागवायचं. तिथे स्वस्त मिळायचं ना! एकदा मी कपाटाआडून चोरून फोटो काढत होते, तेवढ्यात काका मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "असा काढा. फोटो नीट येईल तुम्हाला."

तुम्हाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी दोन पुस्तकं विकत घेतली, पण त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या शनिवारी दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परतले. त्याच्या पुढच्या शनिवारी तिथपर्यंतही गेले नाही. माफी मागायला दोन मिनिटं लागली असती. मी मुळशीला राहायला आले, पण ती दोन मिनिटं काही निघाली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एक जुनं पुस्तक शोधत होते. छपाई बंद झालेलं. ऑनलाइन दुकानात एकच प्रत दिसली, लगेच मागवली. पार्सल आलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी काकांच्या दुकानाचं नाव. म्हणजे दुकान अजून आहे, काका आता त्या ऑनलाइन दुकानामार्फतच विकतात! मला इतका आनंद झाला की जिन्यातच पार्सल फाडलं. पान न् पान उलटलं, पुस्तक उलटं धरून झाडलं. आत काही नव्हतं.

नंबर मोबाइलमध्ये होताच. चहाचा कप बाजूला ठेवला आणि फोन लावला.

"बोला," काकांचाच आवाज. "ऑर्डर नंबर सांगा."

मी नाव सांगितलं. "काका, मी. शनिवारी यायची ती."

"हो, हो. पार्सलवर नाव वाचलं मी. पुस्तक नीट पोचलं ना?"

म्हणजे ओळखून पाठवलं होतं. म्हटलं, "काका, चुकलं माझं तेव्हा. फार चुकलं. आणि ओळखलंत तर आत एक ओळ तरी लिहायची होती हो."

"चिठ्ठी घालता येत नाही त्यात. कंपनीचा नियम आहे." मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चुकलं वगैरे काही नाही. त्यांच्यामुळेच दुकान चाललंय आता. पुस्तक आवडलं तर ऑनलाइन तेवढे पाच तारे द्या, मॅडम."

नियम खरा असेल. पण फोनवर बोलताना तर कुठला नियम नव्हता.