हरायला ठेवलेली हात्सुए

हात्सुए इसुरुगी ही कानाझावाच्या मासळीबाजारातली मासेवाली थेट ठरवून कुस्त्यांचे खेळ करणाऱ्या कंपनीच्या आखाड्यात आली, ती डोळ्यांपुढे चमचमता अंगरखा आणि पिसांचा मुकुट नाचवतच. पण नव्या पोरींना तिथे साधा काळा पोशाख. पहाटे उठाबशा, मग थोरल्यांचे कपडे धुणं, मग सगळ्यांसाठी कोंबडी-कोबीचा रटरटता रस्सा. उड्या, गिरक्या, झगमग, सगळं बंद.

वर कंपनीने उद्याची तारका आधीच ठरवून टाकली होती. रेओना. उंच, देखणी, पोस्टरवर शोभणारी. हात्सुएचं काम एकच, तिच्याकडून दणदणीत हरायचं.

"पडायचं तर मनापासून पड," वस्ताद कुरोइवाबाई बजावत. "तू नीट पडलीस तरच ती उभी दिसेल."

हात्सुए मनापासून पडे. पण तोयामा शहरातल्या सामन्यात रेओनाची चपराक जरा जास्तच बसली आणि हात्सुएच्या तोंडून बाजार सुटला. "अगं ए भवाने! शिळ्या बांगड्यालासुद्धा कुणी असं आपटत नाही!"

लोक खो-खो हसले. रेओनालाही हसू आवरेना. हसता हसता पाय घसरून तीच उताणी पडली. आता आली का पंचाईत! हात्सुएने घाईघाईने तिला ओढून स्वतःच्या अंगावर घेतलं आणि इमानदारीत हरली.

कंपनीचे अध्यक्ष सुगानामी भडकले. "हसवायला ठेवलंय का तुला?"

"नाही साहेब, हरायला. हरले की!"

कुरोइवाबाईंनी ढीगभर उठाबशा काढायला लावल्या, स्वतःचं तोंड मात्र भिंतीकडे वळवून. त्यांचे खांदे हलत होते.

पुढच्या गावी लोक आधीच ओरडायला लागले, "हात्सुए, शिवी दे!" परतताना बसमध्ये रेओना कुरकुरली, "माझं नावच घेत नाहीत गं. दोन शिव्या शिकव ना."

"तुला नाही जमायच्या. आधी वर्षभर मासे विक."

मग साहेबांनी हात्सुएला बोलावलं आणि पुढ्यात मासेवालीचा रबरी एप्रन, गमबूट ठेवले. तिचा चेहरा पडला.

"पिसं नाहीत का, साहेब?"

"खवले लाव हवं तर."

ती त्या वेशात तोक्योच्या आखाड्यात उतरली आणि पुन्हा हरली, पण लोक खुर्च्यांवर चढून तिचंच नाव घेत होते. बाहेर साहेब पत्रकारांना गंभीरपणे सांगत होते, "अशी तारका घडवायला आधीपासून योजना लागते." शेजारी भाताचा गोळा खाणाऱ्या हात्सुएला असा ठसका लागला, की रेओनाला तिची पाठ बडवावी लागली.