परबकाकूंच्या समोरची काच

डोंबिवलीत आम्ही घेतलेल्या फ्लॅटला दोन बेडरूम, एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि परबकाकू आहेत.

काकू तशा समोरच्या विंगमध्ये राहतात. पण त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या हॉलच्या खिडकीसमोर इतकी चिकटून आहे की फोडणी त्या देतात आणि ठसका आम्हाला लागतो. (बिल्डरने जाहिरातीत याला ‘खेळती हवा’ म्हटलं होतं.) माणूस म्हणून काकू सोन्यासारख्या, कुणाचं वाईट चिंतणार नाहीत. फक्त ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरताना त्या समोर बघायच्या आणि समोर आम्ही असायचो. बरं, बघितलेलं पोटात ठेवायची सवय नाही. खाली भेटल्या की सहज म्हणायच्या, "काल पिठलं केलेलंस ना गं? सचिनने दुसऱ्यांदा घेतलं नाही."

सचिन म्हणजे माझा नवरा. काकूंमुळे तो स्वतःच्या घरात फुल पँट घालून वावरायला लागलेला. सासूबाईंची दुपारची झोप हॉलमधल्या दिवाणावरची, तर त्या आता तोंडावर पेपर घेऊन झोपायच्या. आणि माझा दीर अमोल, तिशी ओलांडलेला, जिथे मुलगी बघायला जाईल तिथून नकार घेऊन येणारा, तो कपाटाच्या आडोशाला व्यायाम करायचा. शेवटी एका रविवारी जेवताना सचिनने ताटावरून जाहीर केलं की पडदे लावायचे.

चौघांनी मिळून पडदे निवडायला जाणं ही आमची पहिली चूक. कल्याणच्या दुकानात सासूबाईंना हवा होता पातळ पडदा, घरात उजेड राहिला पाहिजे म्हणून. सचिनला हवा होता जाड, गोधडीसारखा. मला हवा होता सोफ्याला मॅच होणारा आणि अमोलला हवं होतं घरी जायला. दुकानदाराने तागे उलगडून असा ढीग घातला की थोड्या वेळाने त्याचा नुसता आवाज येत होता, तो दिसत नव्हता. अखेर त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही एक पायपुसणं घेतलं आणि परत आलो.

मग पडद्याऐवजी बांबूची चिक आणली. ती कबुतरांना फारच आवडली. आठवड्याभरात त्यांनी तिच्यात संसार मांडला आणि सासूबाई म्हणाल्या, आता अंडी असताना चिक हलवायची नाही, पाप लागेल. पिल्लं उडून जाईपर्यंत परबकाकू रोज कबुतरिणीची चौकशी करायच्या.

तेवढ्यात ऑफिसात कुणीतरी सचिनला काचेवर चिकटवायच्या फिल्मबद्दल सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला आरसा दिसतो आणि आतून आपल्याला मात्र सगळं जग. ना उजेड अडत, ना धूळ बसत. सासूबाई खूश, सचिन खूश, सोफ्याला मॅचिंगचा प्रश्नच नाही. फिल्म लागली आणि आम्ही तिची रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. मी विरजण मागायच्या निमित्ताने भर दुपारी परबकाकूंकडे गेले आणि त्यांच्या ओट्याशी उभं राहून आमच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत आभाळ होतं, एक कबुतर होतं आणि वाटी धरून उभी असलेली मी. बास. घरी आल्यावर कळलं की त्या वेळी काचेच्या आत सचिन बनियनवर लेझीम खेळत होता. मला तसूभरही दिसलं नव्हतं.

परीक्षा दुपारी घेतली, हे यातलं महत्त्वाचं वाक्य. घरात दोन ग्रॅज्युएट आणि एक इंजिनियर असून ते कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात स्वातंत्र्य आलं. सचिन पंचावर फिरू लागला. सासूबाई वैद्यांनी सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम हॉलमध्ये, जोरात आकडे म्हणत करू लागल्या. संध्याकाळी दिवे लागले की ती काच आतून लख्ख आरशासारखी व्हायची. एवढा मोठा आरसा माझ्या माहेरीसुद्धा नव्हता. मी त्यात पांढरे केस शोधायचे, पदर किती लांब ठेवायचा ते बघायचे, कधी कुणी नाही असं पाहून दोन गिरक्याही घ्यायचे. आणखी एक गंमत म्हणजे काकू आता संध्याकाळ झाली की स्वतःच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागलेल्या. सचिन म्हणाला, "हरल्या. बघायलाच काही उरलं नाही त्यांना."

आणि अशातच काकूंनीच अमोलसाठी स्थळ आणलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, केतकी, विठ्ठलवाडीला राहणारी. आमच्याबद्दल इतकं माहीत असूनही त्यांनी हे केलं, याचं मला आजही नवल वाटतं. ठरलं असं की मुलीकडचे आधी काकूंकडे येतील, चहा घेतील आणि दिवेलागणीनंतर आमच्याकडे येतील. अमोल वरवर म्हणाला, मला काही फरक पडत नाही. पण सकाळपासून त्याने तीन शर्ट इस्त्री केले आणि एक जाळला. आधीचे नकार त्याने मनाला लावून घेतलेले. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून सगळेच जरा जास्त धावत होते.

ती संध्याकाळ म्हणजे नुसता गोंधळ. नारळाच्या वड्या घरी करायच्या ठरलेल्या, पण पाक बिघडला आणि वड्यांऐवजी खोबऱ्याचा चिकट गोळा झाला. सासूबाईंनी सचिनला स्टेशनकडच्या दुकानात पिटाळलं. आलेल्या वड्या त्यांनी हॉलमध्ये बसून खोक्यातून घरच्या डब्यात भरल्या आणि घरच्या वाटाव्यात म्हणून प्रत्येकीचा एकेक कोपरा बोटाने वाकडा केला. सचिनने हॉलमधले वाळत घातलेले कपडे मिठी मारून उचलले आणि दिवाणाखाली कोंबले. एक पायजमा बाहेर यायचा, तो पायाने आत ढकलायचा, की दुसऱ्या टोकाने टॉवेल बाहेर. मी तोंडाला मुलतानी माती फासून तिथेच कप पुसत होते. कुठले कप काढायचे यावरून माझं आणि सासूबाईंचं चांगलंच जुंपलं. त्यांच्या हातात झारा, माझ्या हातात ट्रे. तेव्हा अमोल मध्ये आला. त्याने एकीचा झारा घेतला, दुसरीचा ट्रे घेतला, आईला खुर्चीत बसवून तिची गुडघ्याची गोळी आणि पाणी दिलं आणि आमच्या कुणाचंच न ऐकता तिसरेच कप काढले.

मग त्याची तालीम. तो शर्ट आणि हाफ पँटमध्ये (पँट इस्त्रीवर होती) काचेसमोर बसून कसं बसायचं ते बघत होता. पाय जुळवून बसला की शाळेत शिक्षा झाल्यासारखा दिसायचा, पायावर पाय टाकला की बरा. मी म्हटलं, नुसतं बसून काय होतंय, प्रश्नांची सवय कर. त्यासाठी मी परबकाकू झाले. पदर खोचला, कंबरेवर हात ठेवला, मान पुढे काढली आणि काकूंच्या चालीत डुलत डुलत हॉलला फेरी मारून त्याला विचारलं, "पगार किती, आणि हातात किती?" अमोल दिवसभरात पहिल्यांदा हसला. म्हणून मी अजून दोन फेऱ्या मारल्या.

बेल वाजली तेव्हा आम्ही सगळे धुतलेले, नेसलेले आणि शांत होतो. केतकी, तिचे आईवडील आणि परबकाकू आत आले. मंडळी फार सभ्य वाटली, पण काहीतरी वेगळं होतं. केतकीचे वडील दिवाणावर बसायच्या आधी वाकून खाली बघून घेत होते. आई माझ्या चेहऱ्याकडे बघून उगाचच म्हणाल्या, "छान तजेला आलाय हो." सासूबाईंनी वड्या पुढे केल्या आणि सकाळीच घरी केल्याचं सांगितलं. त्यावर त्या बाईंनी एक वडी उचलली, तिचा वाकडा कोपरा निरखला आणि "हाताची चव वेगळीच असते" म्हणाल्या. केतकीला ठसका लागला.

अमोल घाबरून पाय जुळवून बसलेला. केतकीने जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि अगदी सरळ म्हणाली, "पायावर पाय टाका ना. मघाशी तसे बरे दिसत होतात."

"मघाशी म्हणजे?" अमोलने विचारलं.

तिने खिडकीकडे बोट केलं. काचेत आम्हीच सगळे बसलेलो, हातात वड्या घेऊन. सचिनला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि त्याने हॉलचा दिवा बंद केला. त्याबरोबर काचेतले आम्ही गेलो आणि समोर परबकाकूंचं झगझगीत स्वयंपाकघर दिसलं. पडदा बाजूला सारलेला. ओट्यावर रिकामे कप. आणि आमच्याकडे तोंड करून नीट एका रांगेत मांडलेल्या खुर्च्या.

मग काकूंचा आवाज आला. "दिवसा तुमचं काही दिसत नाही गं. पण तुमचे दिवे लागले की सगळंच दिसतं. कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी रोज माझाच पडदा ओढून घेत होते. आज भावजींना उकडत होतं."

दिवा लागला. मला दिवाणाखाली कपड्यांच्या शेजारी जाऊन पडावंसं वाटत होतं. मी कसंबसं म्हटलं, "काकू, ते मी तुमची... ते सहजच हं."

"चाल बरोबर होती," काकू म्हणाल्या. "पण मी हात डावा ठेवते."

पहिले हसले ते केतकीचे वडील. हसता हसता त्यांनी सासूबाईंना विचारलं, वड्या कुठल्या दुकानातल्या. सासूबाईंनी मान ताठ ठेवून दुकान कुठे आहे ते सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्याकडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. त्यानंतर मात्र सगळंच खरं बोलणं झालं. अमोलने जाळलेला शर्ट आणून दाखवला आणि बिघडलेल्या पाकाचा गोळाही बाहेर आला. मंडळींनी दुकानातल्या वड्या सोडून तोच चमच्याने खाल्ला.

होकार काकूंनीच खिडकीतून ओरडून कळवला. केतकीचं म्हणणं होतं की आजवर तिने आवरलेली घरं पुष्कळ बघितली, पण आवरताना हे पहिलंच बघितलं. आणि दोन भांडणाऱ्या बायांच्या मध्ये जाऊन जो मुलगा आईची गोळी विसरत नाही, त्याला अजून काय विचारायचं. अमोलने त्या दिवशी जेवताना भात दोनदा घेतला.

फिल्म खरवडून काढली. लग्नानंतर पडदे केतकीने निवडले, एकटीने जाऊन, अर्ध्या तासात. चांगले जाड, निळे, सोफ्याला अजिबात न शोभणारे. पण आता दिवसा काय आणि रात्री काय, आतलं कुणाला तसूभर दिसत नाही.

परवा दुपारी हेच समाधान मी सासूबाईंना सांगत होते. खिडकी हवेसाठी उघडी होती, पडदा पूर्ण ओढलेला. मी म्हटलं, "काही म्हणा आई, काकू चांगल्या आहेत, पण त्यांच्या नजरेतून सुटलो हे बरंच झालं. आता बिचाऱ्यांना आपलं काही..." आणि तेवढ्यात दूध उतू जातंय असं वाटून मी थांबले.

पडद्यापलीकडून शांत आवाज आला, "...दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तू बोल गं, मी भाजीच चिरतेय."