व्याह्यांचं उघडं स्वप्न

माझ्या धाकट्या बहिणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न मी एक प्लेट पोहे संपायच्या आत मोडलं. तेही काहीही वाईट न करता, निव्वळ शिक्षणाच्या जोरावर!

मी वाशिमला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. घर अनसिंगला. घरात आई, मी आणि बहीण रेखा. त्या वर्षी मी मुलांना स्वप्नांचं प्रकरण शिकवत होतो आणि ते माझ्याच अंगात भिनलं होतं. भेटेल त्याला मी "रात्री काय पाहिलं?" असं विचारायचो. (आमचा दूधवाला भांडं दारात ठेवून पळायला लागला, तो याच काळात.)

आईचा मात्र स्वतःचा सिद्धांत होता. वाईट स्वप्न माणसाला सांगायच्या आधी वाहत्या पाण्याला सांगायचं. आता आमच्याकडे वाहतं पाणी म्हणजे नळ, आणि नळ येतो आठवड्यातून एकदा! त्यामुळे स्वप्नं साचत. नळ आला की आई ड्रममध्ये नळी धरायची आणि आठवड्याभराची स्वप्नं तोंडातल्या तोंडात उरकून टाकायची. मी हसायचो.

"माय, याला शास्त्रात काही आधार नाही."

"नसू दे. तू ते दुसरी बादली आन."

अशात जऊळक्याचे देवरावजी आणि त्यांच्या पत्नी शांताबाई लग्न पक्कं करायला आले. रेखाने आधीची चार स्थळं नाकारली होती. देवरावजींचा मुलगा मात्र तिला मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की ती गच्चीवर जायची, आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत यायचा. म्हणून सकाळीच तिने मला बजावलं होतं, "दादा, आज फक्त पोहे खाय. बोलू नोको!"

मी बोलणार नव्हतोच. विषय देवरावजींनी काढला.

"सर, तुमी मनाचं शिकवता म्हने. मंग मले एक सांगा. पंधरा दिवस झाले, एकच सपन पडून राह्यलं. मी भर बाजारात उभा हाओ, अन् अंगावर एकबी कपडा नाई!"

स्वयंपाकघराच्या दारातून रेखाने जोरजोरात मान हलवली. मी चमचा खाली ठेवला.

"मानसशास्त्रातला सर्वांत गाजलेला सिद्धांत असं सांगतो," मी वर्गातल्या आवाजात सुरू केलं, "की स्वप्न म्हणजे मनात दाबून ठेवलेली इच्छा."

शांताबाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजे या मानसाची इच्छा हाय? भर बाजारात असं उभं राह्याची?"

"नाई वं!" देवरावजी ओरडले.

"तसं शब्दशः नाही," मी घाईघाईने सावरलं. (इथे ठसका लागला असता तरी चाललं असतं!) "किंवा असंही असतं, की माणूस काहीतरी लपवत असतो, आणि ते उघडं पडेल अशी त्याला भीती वाटते."

"काय लपवून राह्यले हो तुमी?"

"कायबी नाई!"

"मंग सर खोटं बोलून राह्यले काय? शिकेल मानूस हाय तो!"

माझ्या शिक्षणावर एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता. देवरावजी मात्र चिडले.

"असं काय? मंग तुहं सपन सांगू का सराले? सर, हे रोज सपनात जऊळक्याच्या टेसनावरून गाडीत बसून जाते, अन् मी एकटा खाली राह्यतो! सांगा अर्थ!"

मी काहीच बोललो नाही. खरंच नाही! पण सिद्धांत तर एव्हाना सगळ्यांना पाठ झाला होता.

"इच्छा!" देवरावजी स्वतःच म्हणाले आणि उठून उभे राहिले. "इतकी वर्सं संसार केला, अन् हिच्या मनात मले सोडून जाची इच्छा! चाल घरी. पोराचं लगन मंग पाहू, आंधी आपलंच पाहू!"

दोघं चपला शोधायला लागले. "अहो, आणखी एक सिद्धांत आहे!" मी मागून धावलो. "मेंदू नुसता पसारा आवरतो, स्वप्नाला काही अर्थच नसतो!" पण अर्थ नसलेल्या सिद्धांतावर कोण थांबतं? मी मागे वळून पाहिलं. रेखा ओट्याला टेकून उभी होती. तिने रडायला हवं होतं, मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ती नुसती माझ्याकडे पाहत होती.

तेवढ्यात अंगणात नळाची वाट पाहत सगळं ऐकत बसलेल्या आईची आरोळी आली, "नळ आलाऽऽ!"

हे दोन शब्द ऐकून आमच्या भागातला माणूस घर सोडत नाही. देवरावजी एका पायात चप्पल घालून थांबले. शांताबाईंनी तर आपोआप पदर खोचला!

"भाऊ, हे नळी धरा," आईने व्याह्यांना कामाला लावलं. "बाई, तुमी हंडा सरकवा. अन् तुमी दोघायनं आपलं सपन पान्याले सांगतलं होतं का?"

"नाई," दोघं म्हणाले.

"मंग सांगा आता. माह्या पोरानं पान्याच्या आंधीच तोंड घातलं, म्हून हे झालं."

देवरावजींनी धारेकडे पाहत पुटपुटून घेतलं. मग आईने सहज विचारलं, "पंधरा दिवसांआंधी काय केलं होतं, भाऊ?"

"काय करतो? पोराच्या लग्नासाठी सफारी शिवाले टाकला. टेलर रोज म्हनते, उद्या ये..." देवरावजी थांबले. नळी ड्रमच्या बाहेर वाहायला लागली. "अवं, लग्नात मी घालू काय, हाच घोर हाय मले!"

"अन् बाई, तुमी गाडीतून कोनाले पाहता?"

"यायलेच!" शांताबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "गाडीत बसलो का हे चहा प्याले उतरतेत, अन् गाडी हालली तरी येत नाईत. माहा जीव जाते!"

"म्हंजे तू मले सोडून नाई जाऊन राह्यली?" देवरावजींनी बारीक आवाजात विचारलं.

"तुमाले सोडून जाऊ कुठं? हंडा भरला, नळी सरकवा!"

मी बादली हातात घेऊन उभा होतो. दिवसाचे घोर स्वप्नात उतरतात, झोपेतलं मन संकटाची तालीम करतं, हे सगळं माझ्याही पुस्तकात होतं. पण मी अर्थ सांगत सुटलो, आणि चौथी शिकलेल्या माझ्या आईने दोन प्रश्न विचारले. दोन ड्रम भरायच्या आत तिने दोन संसार वाचवले, एक जुना आणि एक अजून व्हायचा. मला तिचा इतका अभिमान वाटला, की लाजायचंही राहून गेलं.

पोहे पुन्हा गरम झाले. लग्न पक्कं झालं. मग देण्याघेण्याचा विषय निघाला आणि देवरावजी ताठ बसले.

"आमाले हुंडा नोको, गाडी नोको, सोनं नोको. पन एक मागनी हाय."

रेखा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"लग्नात सराले आमच्या पाहुन्यायसंग बोलू देऊ नोका."

आईने मला न विचारता तिथल्या तिथे शब्द दिला. आतून रेखाने टाळी वाजवली! लोक हुंड्यात मोटारसायकल देतात, आमच्या घराने माझं तोंड बंद करून दिलं. आणि एवढा भरघोस हुंडा आपल्या गावात कुणालाच मिळाला नाही, असं जऊळक्याचे पाहुणे आजही सांगतात.