सहा सारखे झगे

लंडनमध्ये टॉटनहॅमला अराबा क्वान्साहचं शिवणाचं दुकान आहे. आमच्या घानाच्या लोकांत लग्न असो, बारसं असो की मयत, बायका कापड घेऊन तिच्याकडेच येतात आणि वर तिच्या तोंडाचा पट्टाही ऐकून घेतात. "पोट आत ओढून माप देऊ नकोस, जेवताना काय करशील?" असं ती पाद्र्याच्या बायकोलासुद्धा सुनावते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण तिच्या हातचा झगा अंगावर चोख बसतो.

या बाईची एक गोष्ट तिच्या घरच्यांना फार आवडते. दर ईस्टरला पानात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा पडला, की तिचा धाकटा भाऊ अटो ती सांगायला घेतो. अराबा तेव्हा तेरा वर्षांची. जन्म लंडनचा, आईला उलट उत्तरं देणारी, घानाचं नाव काढलं की नाक मुरडणारी. आईने तिला सांगितलं, मामाचं लग्न आहे, दोन आठवडे सुट्टीला घानाला जाऊ. नवा पोहायचा पोशाखसुद्धा घेऊन दिला. पंधराव्या दिवशी सकाळी केप कोस्टला मावशीच्या घरी पोरगी उठली, तर आई नाही, पासपोर्ट नाही, आणि खाटेशेजारी वसतिशाळेची पत्र्याची ट्रंक. "आणि ही विचारते," अटो डोळे पुसत म्हणतो, "मग मी पोहायला कधी जायचं?" सगळे टेबल बडवून हसतात. अराबाही हसते. खरं तर ती ही गोष्ट त्याच्याहून छान सांगते, मावशीच्या आवाजासकट.

त्यातलं बरंच ती गाळते. शाळेच्या नियमाप्रमाणे पहिल्याच दिवशी बोथट कात्रीने तिच्या वेण्या उतरवल्या, ते गाळते. तिथल्या मुली तिच्या बोलण्यावरून तिला "गोरी" म्हणून चिडवायच्या. सहा वर्षांनी ती लंडनला परतली, तेव्हा इथल्या मुलींनी तिच्या बोलण्यावरूनच विचारलं, की झाडावरून उतरलीस कधी? आईची पत्रं यायची, देवाची कृपा आहे, अभ्यास कर. ती वाचून अराबाला किळस यायची. हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

यंदा मार्चात अटो दुकानात आला, बगलेत कापडाचा गठ्ठा घेऊन. त्याच्या मुलीचं, कुकुआचं, तेरावं वर्ष संपत आलं होतं. बाईंना उलटून बोलली म्हणून शाळेने तिला आठवडाभर घरी बसवलं होतं.

"उन्हाळ्यात घानाला चाललोय, दोन आठवडे. कुकुआला झगे शिव," अटो म्हणाला. "लग्न आहे."

"कुणाचं?"

"आहे गं एकाचं."

अराबाने कापड उलगडलं. निळ्या-पांढऱ्या चौकडीचं जाडंभरडं सुती. "किती शिवू?"

"सहा. सगळे सारखेच. आणि खाली चार बोटं जास्तीची दुमड ठेव, पोरगी वाढीची आहे."

अराबाच्या हातातली टाचणी हातातच राहिली. तिकडे वसतिशाळेत पोरींना रोज घालायला हेच कापड लागतं. लग्नाला कुणी सहा सारखे झगे नेत नाही, आणि दोन आठवड्यांत कुठलीच पोर चार बोटं वाढत नाही.

"अटो, लाज कशी वाटत नाही तुला?"

"तुला काय जातंय बोलायला! माझ्या तोंडावर दार आपटते ती. तिच्या वर्गातल्या पोराला परवा कुणीतरी सुरा खुपसला. मी काय, तिच्यावर वेळ येईपर्यंत थांबू? आपल्या आईनेच सुचवलंय. तुला नाही लागली शिस्त? दुकान आहे आज तुझं!"

"मग तिला सांगून ने."

"सांगितलं तर येईल होय?" तो हसला. "तू एवढंच कर. तिच्या वेण्या सोडवून केस बारीक कापून आण. म्हणावं, तिकडे उकडतं फार. तुझं ऐकते ती."

ते ईस्टरचंच हसू होतं. अराबाला अशी शिसारी आली, की ती मागे जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिली. भावाची शिसारी आलीच, पण स्वतःची जास्त आली. हे हसू त्याला तिनेच शिकवलं होतं, वर्षानुवर्षं मावशीची नक्कल करून. कापड तिने ठेवून घेतलं, पण त्याला कात्री लावली नाही.

ईस्टरला अटोच्या घरी सगळे जमले. मासा वाढून झाला.

"आत्या, आज तू सांग ना ती गोष्ट," कुकुआ म्हणाली. "बाबा नुसते हसत बसतात."

अराबाने सांगितली. वेण्यांपासून पत्रांपर्यंत, गाळलेलं सगळं. टेबलावर कुणी हसलं नाही. "आणि आता तुझी पाळी," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या वसतिशाळेचं कापड माझ्या दुकानात पडलंय."

"बाबा?" कुकुआने विचारलं. अटो माशाचे काटे वेचत राहिला.

"तोंड आवर, अराबा," म्हातारी आई कडाडली. "तुझं भलंच झालं त्याने."

"त्या सकाळी मी तुला घरभर शोधलं, आई. न्हाणीत पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. मला वाटलं तू मेलीस. दोन दिवस मला कुणी काही सांगितलं नाही."

आईचा हात ताटातच थांबला. "पण तू तर हसायचीस. मला वाटलं, विसरलीस."

"हसले नसते, तर तुमच्याबरोबर जेवायला बसता आलं नसतं मला. किळस यायची, आई. घास गिळायचे आणि हसायचे."

कुकुआ उठून आत गेली. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन तिने आपला पासपोर्ट आत्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"त्याला हात लावलास," अटो म्हणाला, "तर या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

"तेराव्या वर्षापासून मी कुठे होते रे या घरात?" अराबा म्हणाली. तिने हात पुसले, पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि कोट घ्यायला उठली.