मामेसासऱ्यांची खडी

दगडाची पारख करणारा आमच्या मामेसासऱ्यांसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, हे मी कोणाच्याही समोर छातीवर हात ठेवून सांगेन. उभी हयात त्यांनी सडकांवर मुकादमी केली आणि निवृत्त होऊन खामगावात राहिले, पण खडी काही डोक्यातून उतरली नाही. एकदा जलंबला गाडी उभी असताना रुळाखालची खडी निरखायला खाली उतरले. गाडी निघून गेली आणि मामा दोन दगड धोतराच्या सोग्यात बांधून उन्हातून पायी खामगावला आले. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर परतल्यावर त्यांचा अहवाल एवढाच : "पोरगी सोन्यासारखी हाय, पन दारातला मुरूम लय भुसभुशीत." दगड पाहायचा म्हणजे ते आधी कानाशी दुसऱ्या दगडावर वाजवत, मग ओला करून अंगठ्याने घासत, आणि समाधान झालेच नाही तर जिभेला लावत. मामी म्हणत, "माह्या भाजीची चव पाह्यली असती अशी, तं जलमाचं सोनं झालं असतं!"

त्या काळी महाराष्ट्र राज्य नवे होते आणि आमच्या खामगावातला बायकांचा दवाखानाही नवाच होता. फाटकापासून वॉर्डापर्यंत मध्ये बाग, आणि बागेतून जाणारी वाट निव्वळ काळ्या मातीची. आदल्या पावसाळ्यात दिवस भरलेली एक बाई त्या चिखलात घसरून पडली. दोन्ही जीव वाचले, पण ती हकीकत ऐकल्यापासून मामांना अन्न गोड लागेना. कमिटीने वाट बांधायचे ठरवले आणि अध्यक्ष शेठजींनी नदीतले पांढरे गोल गोटे पसंत केले. मी कमिटीचा चिटणीस. मामा तरातरा माझ्याकडे आले.

"जवाईबापू, गोटे काऊन घेऊन राह्यले?"

"दिसायला सुंदर आहेत, मामा."

"बाई काय सुंदर पाह्याले येते तेथं? गोल गोटा एकमेकाले धरत नाही. पायाखालून पळते तो. फोडलेल्या खडीले कोन असतात, ते एकमेकात रुततात."

मी त्यांना शेठजींपुढे उभे केले. मामांनी वाद घातला नाही. बागेतच पाच-पाच पावलांचे दोन पट्टे केले, एक गोट्यांचा, एक खदानीतल्या काळ्या खडीचा, आणि दोन्हींवर पाणी ओतले. दवाखान्याच्या आयाबाईंना भरली घागर डोक्यावर देऊन चालायला सांगितले. खडीवरून त्या थेंबही न सांडता गेल्या. गोट्यांवर तिसऱ्याच पावलाला थांबल्या आणि म्हणाल्या, "मले नाही जमत, हो." शेठजी हसले आणि स्वतः पुढे झाले. दोन पावले टाकली, तिसऱ्याला त्यांचा नवा बूट सरकला आणि त्यांनी मामांच्या गळ्यालाच मिठी मारली. तशा अवस्थेतच ते म्हणाले, "मुकादम, तुमचीच खडी!"

मग काय, पंधरा दिवस मामा घरी फक्त जेवायला येत. काळी माती खोल काढून टाकली, तळाला मोठे दगड बसवले, वर मुरूम पसरून पाणी मारले, जड धुम्मसाने ठोकून घट्ट केला, आणि शेवटी बोराएवढी खडी. वाटाण्याएवढी वहाणेत शिरते, लिंबाएवढीवर पाय मुरगळतो, म्हणून बोराएवढीच. पाणी दोन्हीकडे ओघळावे म्हणून मधोमध कासवाच्या पाठीसारखा उभार दिला.

भादव्यात तीन दिवसांची झड लागली होती, तेव्हा जलंबकडून एक बैलगाडी फाटकाशी आली. गाडीतल्या बाईला कळा सुरू झालेल्या. सोबत एकटी आई. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती त्या वाटेवरून चालत गेली, पाऊल न अडखळता. वाटेवर पाणी साचते का ते पाहायला आलेले मामा छत्री उघडून त्यांच्यामागे, पण नजर सारी खाली. तासाभराने आयाबाई धावत आल्या, "मुकादम, पोरगी झाली!" मामा भिजलेल्या वाटेकडे बोट दाखवून ओरडले, "अन् पाह्यलं काय, पानी थेंबभर थांबलं नाही!" मग एकदम छत्री मिटून भर पावसात उभे राहिले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. शेठजींनी त्या दिवशी सबंध दवाखान्याला पेढे वाटले.

पुढे मामा थकले, आणि एका पावसाळ्यात गेले. मामींना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्याच अंगणातल्या मातीत माझी वहाण रुतली. मी खाली पाहतोय हे मामींच्या ध्यानात आले. "दरसाली म्हनत, यंदा टाकतो," त्या हळूच म्हणाल्या, "पन घरच्यासाठी त्यायले खडीच पसंत पडेना." आणि त्यांनी माझ्या पायावर पाणी घातले.