चोरओटीतला कागद

गुपित माझ्या पोटात टिकत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारणीच्या नवऱ्याने तिच्यासाठी लपवून आणलेली साडी मी तिला आदल्या दिवशी काठापदरासकट सांगून टाकली होती. आयुष्यात एकच गुपित मी सहा आठवडे चोख सांभाळलं, आणि नेमकं तेच सांभाळायला नको होतं.

आम्ही शिरपूरचे. मुलगा नरडाण्याला कारखान्यात आहे, सून इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर रावेरचं, केळीवाल्यांचं. तिला दिवस गेले आणि बारावा आठवडा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीला पाठवलं. मुलगा, सून आणि मी, असे तिघं गेलो. मला आत यायला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाहेर थांबायलाही कोणी सांगितलं नव्हतं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे एक. आणि हे दुसरं."

मुलगा जवळचं स्टूल ओढून बसला. मी म्हटलं, "डॉक्टर, मशीन एकदा बंद करून परत चालू करून बघता का?"

आमच्या टीव्हीवर एकाची दोन माणसं दिसायला लागली की मी तेच करते. डॉक्टर हसले नाहीत, म्हणजे त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं. सून मात्र पडल्या पडल्या इतकी हसली की तिला "हलू नका" म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, ही केळ्यांची करणी. लहानपणी पॅकिंग चालायचं ना, तेव्हा एका सालीतली जुळी केळी बाजूला काढायचे. खोक्यात चालत नाहीत ती. सगळी मीच खायचे. आजी मागे लागायची, नको खाऊ गं, जुळी होतील."

"मग ऐकायचं होतंस आजीचं."

"गोड असतात हो पण!"

घरी माझ्या सासूबाई. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान तिखट, बोलणं पक्कं अहिराणी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही. अक्कांना सांगितलं, तशा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"कोनले सांगू नको," त्या म्हणाल्या. "पाच महिना होवू दे. दोन शेतस, नजर बी दुप्पट लागी." शेतस म्हणजे आहेत.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची आमच्याकडे रीत आहे. नावाप्रमाणेच चोरून. घरातल्याच दोन बायका, हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. आमच्या घरची रीत आणखी एक पायरी पुढे आहे. ओटीचं सगळं त्या खणातच बांधून ठेवायचं आणि बाळ घरात येईपर्यंत गाठ सोडायची नाही. तर ओटी भरताना अक्कांनी विचारलं, तो फोटो कुठं आहे, लेकरांचा? तोही ओटीत घाला, म्हणजे त्यांचीही ओटी भरली.

मला हे फार आवडलं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. मी सोनोग्राफीचं पाकीट जसंच्या तसं, आतल्या कागदांसकट, नारळाखाली ठेवलं. अक्कांनी गाठ मारली. मी ते गाठोडं कपाटात सर्वांत वर, माझ्या लग्नातल्या शालूमागे सरकवलं.

मुलाने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, नाही असं नाही. पण त्या दोन ठिपक्यांचा. खालच्या कागदावर बारीक अक्षरात जे लिहिलं होतं त्याचा फोटो कोण कशाला काढतो?

चौदाव्या आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रिपोर्ट कुठंय?"

"घरी आहे," मी म्हटलं.

"काय लिहिलंय त्यात?"

"चांगलं लिहिलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काकू, वार एक आहे की दोन, ते त्यात लिहिलेलं असतं. ते मला बघायचंय. सोळाव्या आठवड्यात याल तेव्हा नक्की आणा."

वार म्हणजे काय हे मला माहीत होतं. माझ्या दोन बाळंतपणांत सुइणीनं आधी बाळ आणि मग वार पडल्याचं सांगितलं होतं. दोन बाळं म्हटल्यावर प्रत्येकाची आपापली वार असणार, त्यात बघायचं काय? सून घरी आल्यावर म्हणाली, "आई, तो कागद काढून द्याल ना?" मी म्हटलं, "देते की." आणि दिला नाही. गाठ सोडायची नाही म्हणजे नाही. तीही परत बोलली नाही. नवीन सुनेनं सासूच्या बांधलेल्या गाठीबद्दल किती वेळा बोलायचं?

सोळाव्या आठवड्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला लेक माहेरी जाणार नाही, असं होतच नाही. ती रावेरला गेली, झोके खेळायला नाही, पण झोक्याशेजारी बसायला. "आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं," असं मीच म्हटलं. ती परत आली, मग शाळेचा निकाल लागायचा होता, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा अठरावा आठवडा लागला होता.

"रिपोर्ट?" डॉक्टरीणबाई.

"घरी आहे."

"हरवला असेल तर सांगा, मी सोनोग्राफीवाल्यांना फोन करून दुसरी प्रत मागवते." त्यांनी फोन उचललासुद्धा.

"हरवला नाही हो."

"मग?"

"नारळाखाली आहे."

डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. सून भिंतीवरचं बाळाचं कॅलेंडर वाचत होती. मी सगळं सांगितलं. ओटी, खण, शालू. सांगता सांगता मलाच ते कसंतरी वाटायला लागलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची जवळ ओढून सावकाश सांगायला लागल्या. जुळी दोन तऱ्हेची असतात. काहींची वार वेगवेगळी असते, त्यांचं बरंचसं एकेकट्या बाळासारखंच चालतं. काही एकाच बीजातून होतात, अगदी सारखी, आणि त्यांतली बरीचशी एकाच वारेवर वाढतात. त्या वारेतून कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. आईला सुरुवातीला काही कळत नाही, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून अशांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी करावी लागते. आणि वार एक की दोन, हे तिसऱ्या महिन्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. पुढे बाळं मोठी झाली की ते ओळखणं कठीण जातं.

"कागद आजच आणा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

रिक्षाने घरी आले. स्टुलावर चढून शालूमागून गाठोडं काढलं, आणि ते हातात घेऊन तशीच उभी राहिले. हसाल तुम्ही, पण माझी बोटं गाठीकडे जाईनात. बाळं अजून घरात आलेली नाहीत आणि मी गाठ सोडते आहे. अक्का खाटेवरून बघत होत्या.

"काय व्हयनं?"

मी सांगितलं. जमेल तसं, अर्धं रडत. दोघांना एकच वार असेल तर जिवाला धोका असतो, आणि ते ह्या कागदात लिहिलंय.

अक्कांनी हात पुढे केला. "आण इकडे. गाठ मी बांधेल शे, मीच सोडसू."

त्यांच्या बोटांना संधिवात. मी "मी सोडते" म्हटलं तर माझा हात झटकला. दातांनी गाठ सैल केली, नारळ बाजूला ठेवला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "जाय. देवले कागदबिगर बठ्ठं समजस. डॉक्टरले कागद लागस."

कागदाचा एक कोपरा हळदीने पिवळा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वार एक. पिशव्या दोन, मधे पातळ पडदा. दुसऱ्या दिवशीची जळगावची वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतली.

मे महिना. चोपड्यावरून जळगाव, सकाळी सहाला निघालो तरी पोचेपर्यंत गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलेलं. तिथले डॉक्टर पोटातल्या बाळांच्याच तपासणीचे. मधल्या वयाचे, कमी बोलणारे. बराच वेळ ते पडद्यावर मोजत राहिले. एकदा ह्याचं, एकदा त्याचं. मी मशीनबद्दल काही बोलले नाही.

"एकाभोवती पाणी थोडं कमी आहे," ते म्हणाले, "दुसऱ्याभोवती थोडं जास्त. दोन्ही अजून हद्दीत आहेत. पण मला आता दर आठवड्याला बघायचंय."

मुलाने विचारलं, म्हणजे नक्की काय?

"दोघं एकाच ताटात जेवताहेत असं समजा. एकानं जास्त ओढलं तर दुसरं उपाशी राहतं. आणि जास्त ओढणाऱ्यालाही ते झेपत नाही." पुढे त्यांनी सांगितलं, फरक वाढला तर मुंबईला जावं लागेल. तिथे पोटात दुर्बीण घालून लेझरने त्या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करतात. ते वेळेत व्हावं लागतं. बॅग भरून ठेवा. पोट एकाएकी ताणलं, दम लागला, कळा आल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

निघताना मी मागे राहिले. "डॉक्टर, दोन आठवडे उशीर माझ्यामुळे झाला. म्हणून तर हे..."

"उशिरामुळे झालेलं नाही," ते म्हणाले. "वार एक असली की कधी कधी होतं. पण आणखी उशिरा आला असतात तर..." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

ते अर्धं वाक्य मी शिरपूरपर्यंत घेऊन आले. धरणगावही आलं नसेल, मी पदराला डोळे पुसत सुनेची माफी मागायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही रडता तेव्हा मला तुम्हाला समजवावं लागतं. आज माझ्यात तेवढी ताकद नाही." मी डोळ्यांचा पदर खाली घेतला. थोड्या वेळानं तिनं मांडीवरची फाइल उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुम्हीच सांभाळा आता. तुमच्याइतकं जपून कोणी ठेवत नाही."

टोमणा होता की माया, ते मी अजून विचारलेलं नाही. दोन्ही असावं.

त्या दिवसापासून मी फाइलवाली झाले. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. मोबाइलवर फोटो, सगळ्या पानांचे; त्यातल्या निम्म्यांत माझा अंगठा आहे. जळगावच्या दवाखान्यातली नर्स मला बघितलं की म्हणायची, "आल्या रेकॉर्डवाल्या मावशी." मुंबईची बॅग दाराशी होती. जाता-येता तिला पाय लागायचा, पण तिथून हलवायची नाही असं ठरलं होतं.

विसावा आठवडा, तसंच. एकविसावा, तसंच. बाविसाव्याला फरक जरासा वाढला, आणि डॉक्टरांनी आमच्यासमोर मुंबईला फोन केला. "तीन दिवसांनी परत या," म्हणाले. ते तीन दिवस मी फाइल उशाशी घेऊन झोपले. चौथ्या दिवशी त्यांनी मोजलं, परत मोजलं, आणि म्हणाले, "वाढ थांबली आहे." पंचविसाव्या आठवड्यात दोघांचं पाणी जवळजवळ सारखं झालं. त्यादिवशी ते पहिल्यांदा हसले आणि मला म्हणाले, "काकू, मशीन बंद-चालू करायचं का?" सुनेनं त्यांना सांगितलं होतं! गुपित पोटात न टिकणं हे आमच्या घरात संसर्गजन्य निघालं.

मग रावेरचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही विहीणबाईंची इच्छा. माझ्यात बोलायचं धाडस नव्हतं, पण फाइल माझ्याकडे होती. म्हटलं, "विहीणबाई, मीही रीत सांभाळायला गेले होते. एकदा माझं ऐका." आणि नारळाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जळगावला माझ्या बहिणीचं घर आहे. तिथे राहते मी. माहेर म्हणजे मीच ना?"

पस्तिसाव्या आठवड्यात, ठरवलेल्या दिवशी, नवजात बाळांचा विभाग ज्या हॉस्पिटलात होता तिथेच ऑपरेशन झालं. दोन मुली. एक पटकन रडली. धाकटी थोडा विचार करून. वजनात ती बरीच मागे होती, तिला बारा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं.

चौथ्या दिवशी नर्स मला म्हणाली, "आई थकल्यात. तुम्ही घ्याल का बाळाला छातीशी? कपड्याशिवाय, कातडीला कातडी लागायला हवी." मी पन्नाशी उलटलेली बाई, ब्लाउजची बटणं काढून आरामखुर्चीत बसले, लाजेनं लाल. त्यांनी ते एवढंसं गरम बोचकं माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून दुपटं बांधलं. तिचा श्वास कबुतरासारखा फडफडत होता. मी तिला हळूच सांगितलं, तुला मी शालूमागे ठेवलं होतं गं, चुकलं माझं. तिनं माझ्या गळ्याखाली मूठ टेकवली आणि झोपली.

दोघी एकाच दिवशी घरी आल्या. मी ओवाळायला ताट घेऊन दारात उभी, आणि मागून काठी टेकत अक्का आल्या. नजर, पडदा, दार लावून घेणं, काही नाही. उंबरठ्यावर उभ्या राहून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी दिली.

"या वं, देखा! दोन शेतस! दोन्ही शेतस!"